२०१७ की २०१८? सेकंडहँड एफ-१५० घेताना वर्षाआधी पाहायच्या गोष्टी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही डॅलसजवळ राहता, ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे जोडायचे फिरते घर) ओढण्यासाठी सेकंडहँड फोर्ड एफ-१५० हा पिकअप ट्रक घ्यायचा आहे आणि दोन ट्रकवर येऊन अडला आहात. एक २०१७ चा एक्सएलटी आहे, दुसरा २०१८ चा लॅरिएट, म्हणजे त्याच मॉडेलची जास्त सजवलेली श्रेणी. दोन्ही चार दारांच्या सुपरक्रू केबिनचे, फोर-व्हील ड्राइव्ह आणि ५.० लिटरच्या व्ही-८ इंजिनाचे आहेत, आणि दोन्हींची धावही जवळपास सारखीच आहे. २०१८ वाला बराच महाग आहे, कारण विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे ‘२०१८ ला मॉडेल बदललं, २०१७ म्हणजे जुनी पिढी’. हा वरचा पैसा द्यावा का, असे तुम्ही विचारले आहे.

विक्रेत्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे. पिढी बदलली ती २०१५ साली, जेव्हा फोर्डने एफ-१५० ची बॉडी पोलादाऐवजी ॲल्युमिनियमची केली. चॅसी मात्र पोलादीच राहिली. ती पिढी २०२० पर्यंत चालली आणि तुमचे दोन्ही ट्रक त्याच पिढीतले आहेत. २०१८ ला झाला तो मधल्या टप्प्यावरचा फेरबदल : नवी जाळी, नवे दिवे, नवे बंपर, नवे टेलगेट. यासाठी जास्त पैसे मोजावेत असे त्यात काही नाही. खरा बदल बॉनेटखाली झाला, आणि तो प्रत्येक इंजिनाच्या बाबतीत वेगळा झाला. त्यामुळे ‘२०१७ चांगला की २०१८’ या प्रश्नाला इंजिनाचे नाव घेतल्याखेरीज उत्तर देता येत नाही. वर्षांची तुलना करणारे बहुतेक लोक नेमके इथेच घसरतात.

उदाहरणार्थ, ३.५ लिटरचे टर्बो इकोबूस्ट घ्या. त्याची दुसरी आवृत्ती आणि दहा गिअरचा गिअरबॉक्स या दोन्ही गोष्टी २०१७ लाच आल्या. ३७५ अश्वशक्ती आणि ४७० पौंड-फूट टॉर्क हे आकडे दोन्ही वर्षांत तेच आहेत आणि ज्ञात दुखणेही तेच आहे : थंड इंजिन सुरू करताना कॅम फेझरचा (झडपांच्या उघडझापीची वेळ बदलणारा भाग) दोन-तीन सेकंदांचा खडखडाट. २०१७ ते २०२० च्या ट्रकसाठी कंपनीने या दुखण्यावर वाढीव दुरुस्ती-योजना दिली होती. तिची मुदत आता संपली आहे. म्हणून हे इंजिन असेल तर वर्ष विसरून जावे आणि ज्याच्या फेझरच्या कामाची पावती मिळते तो ट्रक घ्यावा. २.७ लिटर इकोबूस्टची गोष्ट उलटी आहे. २०१८ ला टॉर्क ३७५ वरून ४०० वर गेला, इंधन थेट सिलिंडरमध्ये आणि इनटेक पोर्टमध्ये (हवा आत येण्याच्या वाटेत) असे दोन्हीकडे फवारले जाऊ लागले आणि सहाऐवजी दहा गिअर आले. तिथे मी २०१८ कडे झुकेन. सर्वांत लहान व्ही-६ तर २०१८ ला ३.५ लिटरवरून ३.३ लिटरवर आले. पण ते तुमच्या ट्रेलरच्या कामाचे नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

तुमच्या व्ही-८ च्या बाबतीत मात्र त्या एका वर्षाच्या रेषेवर जवळजवळ सगळेच बदलले आहे, आणि म्हणूनच तुमची निवड खरोखर अवघड आहे. २०१७ पर्यंतच्या इंजिनात ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बिडाचे लायनर बसवलेले असत. बोअर (सिलिंडरचा व्यास) ९२.२ मिलिमीटर, कॉम्प्रेशन (हवा-इंधन किती पट दाबले जाते) १०.५ ला १, इंधनाची फवारणी फक्त इनटेक पोर्टमध्ये. त्यातून ३८५ अश्वशक्ती आणि ३८७ पौंड-फूट टॉर्क मिळे. २०१८ ला लायनर काढले गेले आणि सिलिंडरच्या भिंतीवर प्लाझ्माच्या साहाय्याने वितळलेल्या पोलादी तारेचा पातळ थर फवारला जाऊ लागला. बोअर ९३ मिलिमीटर झाला, कॉम्प्रेशन थेट १२ ला १ वर गेले आणि पोर्टच्या जोडीला थेट फवारणी आली. शक्ती ३९५ आणि टॉर्क ४०० झाला. कागदावरची ही वाढ किरकोळ आहे आणि ट्रेलर जोडून चढ चढताना जो फरक जाणवतो तो मुख्यतः हिच्यामुळे नसतो. तो गिअरबॉक्समुळे असतो. त्याकडे येतोच.

त्याआधी ऑइलविषयी. २०१८ ते २०२० च्या व्ही-८ ट्रकमध्ये ऑइल जास्त खर्च होत असल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की २०१९ च्या अखेरीस फोर्डने सर्व्हिस बुलेटिन (डीलरांसाठी दुरुस्तीची सूचना) काढले. त्यात दोन उपाय होते : संगणकाचे प्रोग्रॅमिंग बदलणे, जेणेकरून ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनात तयार होणारा निर्वात (व्हॅक्यूम) कमी होऊन ऑइल ओढले जाऊ नये, आणि जुनी डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहायची पट्टी) काढून नवी देणे, जिच्यावरच्या खुणा बदललेल्या होत्या. पहिला उपाय समजण्यासारखा आहे. दुसऱ्याबद्दल ट्रकवाल्यांत आजही हशा पिकतो, आणि तो अगदीच अस्थानी नाही. तुम्हाला यातून घ्यायचे ते एवढेच, की २०१८ चा ट्रक घेतलात तर दर हजार मैलांनी डिपस्टिक पाहायची सवय लावावी लागेल आणि घेण्यापूर्वी आधीच्या मालकाला ‘दोन ऑइल बदलांच्या मध्ये ऑइल घालावे लागते का’ हे सरळ विचारावे लागेल. याचा अर्थ ते इंजिन वाईट आहे असा नव्हे. परंतु बिडाच्या लायनरचे जुने इंजिन या बाबतीत निश्चिंत ठेवणारे आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता गिअरबॉक्स. २०१७ च्या व्ही-८ ला सहा गिअरचा ६आर८० आहे, जो मुळात झेडएफ या जर्मन कंपनीच्या रचनेवर बेतलेला आहे. २०१८ ला आला तो फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी मिळून विकसित केलेला दहा गिअरचा १०आर८०. ‘दहा म्हणजे सहापेक्षा चांगलेच’ असे म्हणून पुढे जाण्यापेक्षा गुणोत्तरे पाहावीत, म्हणजे चाकांकडे जाणारा दांडा एकदा फिरायला इंजिनाला किती फेऱ्या लागतात ते. जुन्या गिअरबॉक्सची गुणोत्तरे ४.१७, २.३४, १.५२, १.१४, ०.८७ आणि ०.६९ अशी आहेत. नव्याची ४.७०, २.९९, २.१५, १.७७, १.५२, १.२८, १.००, ०.८५, ०.६९ आणि ०.६४ अशी. यात १.५२ आणि ०.६९ ही दोन्हीकडे आहेत : जुन्याचा तिसरा म्हणजे नव्याचा पाचवा, आणि जुन्याचा शेवटचा म्हणजे नव्याचा नववा. म्हणजे सपाट महामार्गावर, ट्रेलर नसताना, एकाच ॲक्सल गुणोत्तराचे (चाकाच्या एका फेरीमागे त्या दांड्याच्या किती फेऱ्या) हे दोन ट्रक जवळजवळ सारख्याच फेऱ्यांवर धावतात. अमेरिकी सरकारच्या मायलेजच्या आकड्यांत फोर-व्हील ड्राइव्ह व्ही-८ साठी दोन वर्षांत गॅलनमागे जेमतेम एका मैलाचा फरक दिसतो, तो म्हणूनच.

फरक पडतो तो चढावर. समजा ट्रेलर जोडलेला आहे, गाडी १.५२ च्या गिअरमध्ये मिनिटाला ३,२०० फेऱ्यांवर चढते आहे आणि वेग पडू लागला. सहा गिअरच्या ट्रकला पुढची खालची पायरी २.३४ ची आहे. तिथे उतरताच इंजिन त्याच वेगाला सुमारे ४,९०० फेऱ्यांवर जाते : केबिनमध्ये एकदम गर्जना, मागच्या सीटवरची मंडळी दचकतात आणि दोन मिनिटांनी चढ किंचित सौम्य झाला की गिअर पुन्हा वर, पुन्हा खाली. दहा गिअरच्या ट्रकला तिथे १.७७ ची पायरी आहे. इंजिन ३,७०० च्या आसपास जाते, वेग टिकतो आणि गप्पा थांबत नाहीत. १.५२ आणि २.३४ यांच्यामध्ये १.७७ आणि २.१५ अशा दोन पायऱ्या मिळणे, हीच व्ही-८ वाल्याच्या दृष्टीने २०१८ ची खरी कमाई आहे. स्क्रीन, दिवे, स्पीकर हे सगळे त्याच्यापुढे गौण आहे.

मात्र हाच १०आर८० वादातही सापडला. झटका देऊन गिअर पडणे, गिअर शोधत राहणे, थांबता थांबता मागून कोणी ढकलल्यासारखे वाटणे अशा तक्रारींवरून ग्राहकांनी २०१९ मध्ये न्यायालयात सामूहिक दावाही दाखल केला. ज्या भागाचे नाव सर्वाधिक घेतले जाते तो म्हणजे आतला सीडीएफ क्लच ड्रम : त्याचा बुश जागेवरून सरकतो आणि ऑइलचा दाब गळतो. पुढे या ड्रमची रचना सुधारण्यात आली, त्यामुळे गिअरबॉक्स उघडून सुधारित ड्रम बसवल्याची पावती असेल तर ती दोष म्हणून नव्हे, जमेची बाजू म्हणून पाहावी. दुसऱ्या बाजूला, जुना सहा गिअरचा म्हणजे डोळे मिटून घ्यावा असेही नाही. २०१५ ते २०१७ च्या एफ-१५० मध्ये चालत्या गाडीत गिअर अचानक खाली पडत असल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०२५ च्या मार्चमध्ये चौकशी सुरू केली. सुमारे १३ लाख ट्रक त्या कक्षेत येतात. तुमचा २०१७ त्यातच मोडतो. तेव्हा गिअरबॉक्सच्या बाबतीत दोन्हीकडे जोखीम आहे, फक्त तिचे स्वरूप वेगळे आहे.

तुम्ही दर उन्हाळ्यात कोलोरॅडोला जाता असे लिहिले आहे, म्हणून उंचीचाही विचार करायला हवा. टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के शक्ती गमावते. तिथल्या आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा सुमारे ११,००० फुटांवर आहे. तिथे पोहोचेपर्यंत ३९५ असो की ३८५, दोन्ही व्ही-८ इंजिनांची जवळजवळ एक तृतीयांश शक्ती गेलेली असते. हा मुद्दा दोन वर्षांमध्ये निवड करायला उपयोगी नाही, कारण तोटा दोघांनाही सारखाच आहे. पण शक्ती कमी असताना मधल्या पायऱ्यांचे महत्त्व वाढते, एवढे २०१८ च्या बाजूने म्हणता येईल. वर्षातली बहुतेक सहल कोलोरॅडोतच होत असती, तर मी तुम्हाला व्ही-८ चा हट्ट सोडून ३.५ इकोबूस्ट पाहायला सांगितले असते. एका फेरीसाठी तशी गरज नाही.

इथवरची चर्चा वर्षांची झाली. पण तुम्ही पाठवलेल्या फोटोंमध्ये एक गोष्ट आहे, जी माझ्या मते या सगळ्यापेक्षा निर्णायक आहे. चालकाच्या दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेचे आकडे असलेला एक स्टिकर असतो आणि त्यावर ‘माणसे आणि सामान मिळून वजन याहून जास्त असू नये’ असा आकडा छापलेला असतो. तो त्या वर्षाचा किंवा त्या मॉडेलचा नसून त्या एका ट्रकचा आकडा असतो. जाहिरातीत २०१७ साठी कमाल १२,२०० पौंड आणि २०१८ साठी १३,२०० पौंड ओढण्याची क्षमता लिहिलेली दिसते, पण ती विशिष्ट केबिन, विशिष्ट ॲक्सल आणि ३.५ इकोबूस्ट यांच्या संयोगाची आहे. तुमच्या दोन्ही ट्रकना ती लागू नाही. तुमच्या एक्सएलटीच्या दारावर १,७२० पौंड लिहिले आहे. लॅरिएटच्या दारावर १,४८०. चामड्याच्या विजेवर चालणाऱ्या सीट, पॅनोरमा छत, मोठी चाके, या सगळ्याचे वजन ट्रकने आधीच उचललेले असते आणि ते या आकड्यातून वजा झालेले असते.

आता तुमचाच हिशेब करू. ट्रेलरचे रिकामे वजन ५,२०० पौंड असल्याचे तुम्ही लिहिले आहे. पण रिकामा ट्रेलर घेऊन कोणी सहलीला जात नाही. पाणी, गॅस, भांडी, अंथरूण-पांघरूण धरून तो ६,४०० च्या घरात जाईल. अशा ट्रेलरचा १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रकमागे ट्रेलर जोडायचा सांधा) यायला हवा, तो कमी केला तर ट्रेलर मागे डोलू लागतो. १३ टक्के धरले तर ८३२ पौंड झाले. वजन विभागणाऱ्या हिचचे स्वतःचे ९०. तुम्ही चौघे आणि सोबत आलेल्या आई मिळून तुम्ही ५८० पौंड दिले आहेत, ते मी आहेत तसे धरतो. मागच्या खणात जनरेटर आणि बर्फाची पेटी, १५० पौंड. एकूण १,६५२. एक्सएलटीमध्ये हे बसते, तेही थोडक्यात. लॅरिएटमध्ये १७२ पौंडांनी ओव्हरलोड होते. हिच नीट बसवल्यावर त्यातला थोडा भार ट्रेलरच्या ॲक्सलवर जातो हे खरे, पण त्या भरवशावर हिशेब जुळवू नये. विक्रेते सहसा हा विषय काढत नाहीत, कारण जास्त सजवलेला ट्रक जास्त किमतीला जातो आणि त्याच ट्रकचा आकडा लहान असतो.

त्याच चौकटीवरच्या दुसऱ्या स्टिकरवर ॲक्सलचा कोड असतो. ‘१९’ म्हणजे ३.५५ गुणोत्तराचे साधे, ‘एल९’ म्हणजे ३.५५ चे इलेक्ट्रॉनिक लॉक असलेले. ट्रेलरसाठी किमान ३.५५ हवेच, ३.३१ निघाले तर, विशेषतः सहा गिअरच्या ट्रकमध्ये, सरळ नकार द्यावा. तिथेच ट्रक तयार झाल्याचा महिनाही छापलेला असतो. २०१७ च्या शरदात बनलेला ट्रक २०१८ चा असू शकतो, त्यामुळे शंका आली तर व्हीआयएन (त्या गाडीच्या ओळखीच्या) क्रमांकातले दहावे अक्षर पाहावे : ‘एच’ म्हणजे २०१७, ‘जे’ म्हणजे २०१८. मधले ‘आय’ हे अक्षर एक या अंकाशी गल्लत होऊ नये म्हणून वापरतच नाहीत. व्ही-८ असल्याची खूण आठव्या जागेवर मिळते, २०१७ मध्ये ‘एफ’ आणि २०१८ मध्ये ‘५’ हा अंक.

तोच क्रमांक वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉलची (दोष निघाल्याने कंपनीने गाड्या परत बोलावून करायची) कामे झाली आहेत का ते पाहावे; त्याला पैसे पडत नाहीत. थंडीत दाराचे लॅच गोठून दार नीट न लागण्याचे रिकॉल २०१५ ते २०१७ च्या ट्रकना आहे, म्हणजे तुमच्या एक्सएलटीला ते लागू होण्याची शक्यता आहे. अपघातात सीटबेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेतून ठिणगी पडून आग लागण्याचे रिकॉल २०१५ ते २०१८ च्या सुपरक्रूंना आहे, म्हणजे दोन्हींसाठी तपासावे लागेल. २०१८ च्या दहा गिअरवाल्यांना शिवाय गिअरच्या केबलच्या क्लिपचेही रिकॉल होते. ही कामे उरली असतील तर डीलर आजही फुकट करून देतो, तेव्हा त्यावरून भाव पाडता येईल, ट्रक नाकारण्याचे कारण नाही.

ट्रक पाहायला जाताना विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे की इंजिन सुरू करून ठेवू नका. गेल्यावर बोलायला लागण्याआधी बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम असेल तर, दुपारच्या टेक्सासच्या उन्हाचा दोष वगळता, कोणीतरी तुम्ही येण्यापूर्वी इंजिन तापवून ठेवले आहे, आणि त्याचे कारण त्याला विचारावे; म्हणूनच मी सकाळची वेळ घ्यायला सांगतो. मग डिपस्टिक काढून पुसून पुन्हा घालावी, पातळी पाहावी, आणि त्यानंतरच किल्ली फिरवावी. २०१८ चा गिअरबॉक्स तपासायला मोठा महामार्ग उपयोगाचा नाही. वस्तीतल्या रस्त्यावर, ॲक्सिलरेटर हलका ठेवून १५ ते ३५ मैलांच्या वेगात तिसरा, चौथा, पाचवा गिअर पुन्हा पुन्हा पडू द्यावा आणि सिग्नलला हळूहळू थांबत यावे. खोड असेल तर इथेच दिसते. किमान २५ मिनिटे चालवावे, कारण बॅटरी काढून किंवा संगणकाची शिकलेली माहिती पुसून दिली असेल, तर पहिली काही मिनिटे फसवी असू शकतात. ट्रान्समिशन ऑइल बदलल्याची पावती मागावी. कंपनीच्या तक्त्यात ते दीड लाख मैलांवर बदलायचे आहे, पण ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकला मी ६०,००० च्या पुढे थांबू देत नाही. बदलताना सहा गिअरला मर्कॉन एलव्ही आणि दहा गिअरला मर्कॉन यूएलव्ही लागते. ही दोन एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

राहिली सुखसोयींची बाब. स्क्रीनची सिंक ३ प्रणाली दोन्हींत आहे आणि फोन जोडण्याची सोयही दोन्हींत आहे. २०१८ च्या लॅरिएटमध्ये वाहतुकीत स्वतः थांबून पुन्हा निघणारे क्रूझ कंट्रोल पर्याय म्हणून मिळत असे. तुमच्या ट्रकमध्ये ते आहे का हे स्टिअरिंगवरच्या बटणांवरून कळेल. डॅलसच्या रोजच्या कोंडीत त्याची किंमत आहे, हे मान्य. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय २०१८ पासून सगळ्या इंजिनांना आली. तिला सोय म्हणावे की कटकट, हे ज्याने त्याने ठरवावे.

या दोन ट्रकपुरते विचाराल, तर मी २०१७ चा एक्सएलटी घेईन, अर्थात त्याचे ॲक्सल ३.५५ चे निघाले आणि चाचणीत गिअर विनाकारण खाली पडला नाही तर. त्याची वजन उचलण्याची क्षमता तुमच्या कुटुंबाला पुरते, इंजिन साधे आहे आणि वाचलेल्या पैशांतून ट्रान्समिशन ऑइल, ब्रेक आणि ट्रेलरसाठी चांगले टायर होतील. कोलोरॅडोच्या चढावर तो आवाज करील, तेवढा सहन करावा लागेल. आणि दहा गिअरचा मोह सुटत नसेल तर २०१८ चाच, पण एक्सएलटी शोधावा, ज्याच्या दारावर १,७०० च्या वरचा आकडा आहे आणि ज्याच्या मालकाने ऑइलच्या पावत्या जपल्या आहेत. टेक्सासमध्ये असे ट्रक दुर्मीळ नाहीत. दोन-चार आठवडे थांबायची तयारी हवी.